सीलिॲक आजार आणि मुलांची वाढती हाडे : प्रस्तावना

सीलिॲक हा लहान आतड्याचा आजार. मुलाला तो जडतो तेव्हा मात्र आतड्याइतकेच त्याच्या हाडांचेही नुकसान होते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांच्या अंगी विशिष्ट आनुवंशिक प्रवृत्ती आहे अशांच्या शरीरात हे प्रथिन गेले की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ही ॲलर्जी नव्हे आणि साधे अपचनही नव्हे. हा आयुष्यभर सोबत राहणारा आजार आहे आणि त्यावर खात्रीचा उपाय एकच : ग्लूटेन कायमचे बंद करणे. प्रौढ माणसाला हा आजार झाला तर तयार झालेली हाडे झिजतात. मुलाला झाला तर हाडे तयार होण्याचे कामच अडते. ते काम पुन्हा मार्गी लागण्याची शक्यताही मुलांमध्येच सर्वाधिक असते. मात्र त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते.

निरोगी लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे लाखो सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे अन्न शोषून घेणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. सीलिॲक आजारात या अंकुरांभोवती लिम्फोसाइट पेशींची गर्दी होते, अंकुर आखूड होत जातात आणि शेवटी अस्तर सपाट होते. आतड्याची ही हानी पायरीपायरीने कशी होते याची प्रतवारी मायकेल मार्श यांनी 1992 मध्ये मांडली. ती थोड्याफार फेरफारांसह आजही वापरात आहे. आनुवंशिक प्रवृत्तीचा मुख्य भाग म्हणजे एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुके. लोकसंख्येतील साधारण एक तृतीयांश लोकांत ती असतात, पण आजार होतो तो त्यांतल्या थोड्यांनाच. जनुके नसतील तर हा आजार जवळजवळ होतच नाही. जनुके असूनही गहू खाण्यात नसेल तर तो प्रकट होत नाही.

या आजाराचे पहिले सुसंगत आधुनिक वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी 1888 मध्ये केले. रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. आहारातला नेमका कोणता पदार्थ टाळायचा हे मात्र त्यांना उमगले नव्हते. हाडांचा संबंधही लवकरच ध्यानात आला. बर्मिंगहॅमचे बालरोगतज्ज्ञ लिओनार्ड पार्सन्स यांनी 1927 मध्ये सीलिॲक मुलांतील मुडदुसावर स्वतंत्र लेखन केले. खरा गुन्हेगार सापडला तो हॉलंडमध्ये. विलेम कारेल डिके हे बालरोगतज्ज्ञ 1930 च्या दशकापासूनच गव्हाकडे संशयाने पाहत होते. 1944-45 च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही सीलिॲक मुलांची प्रकृती सुधारली. पाव परत आला तशी ती मुले पुन्हा खालावली. डिके यांनी पुढे आहाराचे काटेकोर प्रयोग करून 1950 मध्ये आपला प्रबंध सादर केला. गहू बंद करणे हाच उपचार, हे तेव्हापासून ठरले.

भारतात हा आजार मुलांना होतो हे 1966 पासून कागदोपत्री नोंदले गेले आहे. त्या वर्षी वालिया, घई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील मुलांच्या सीलिॲक आजारावरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. तरीही पुढची कित्येक वर्षे हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे विरळाच, असा समज टिकून राहिला. दिल्लीलगतच्या भागात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्या-पाहणीत साधारण दर 96 माणसांत एकाला हा आजार आढळला आणि त्या समजाला धक्का बसला. 2016 मध्ये देशाच्या तीन भागांतील प्रौढांची तुलना प्रसिद्ध झाली. या आजाराची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांच्या रक्तात आढळली. पूरक जनुकांचे प्रमाण तिन्ही भागांत फारसे वेगळे नव्हते. मोठा फरक ताटात होता : उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी 455 ग्रॅम, तर दक्षिणेत अवघा 25 ग्रॅम.

लखनौ हे या गव्हाच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावरचे शहर. येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या पीजीआयमध्ये, मुलांच्या पचनसंस्थेच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पूर्व उत्तर प्रदेशातून आणि शेजारच्या बिहारमधून मुले येथे उपचारांसाठी येतात. सीलिॲक आजार, रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांची तपासणी आणि या मुलांची हाडे या विषयांवर येथे अभ्यास झालेले आहेत. याच संस्थेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागाने उत्तर भारतातील मुडदूस आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांवर दीर्घकाळ काम केले आहे. आतडे आणि हाड या दोन्ही बाजूंचे ज्ञान एकाच आवारात असल्याने या विषयाचा विचार लखनौच्या संदर्भात करणे विशेष उपयोगाचे ठरते.

या प्रदेशात निदान अवघड होण्याचे एक कारण आजाराच्या बाहेरच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार उत्तर प्रदेशात पाच वर्षांखालील 39.7 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. जिथे दहांतली चार मुले खुजी, तिथे आजारामुळे खुजे राहिलेले मूल वेगळे उठून दिसत नाही. जुलाब होतात ते पाण्यामुळे, वजन वाढत नाही ते गरिबीमुळे, रक्त कमी आहे ते जंतांमुळे, अशी उत्तरे तयार असतात आणि बऱ्याचदा ती खरीही असतात. महाराष्ट्रातही याच पाहणीत हे प्रमाण 35.2 टक्के होते. त्यामुळे ही अडचण केवळ उत्तरेची नाही.

हाडांचे नुकसान समजून घ्यायचे तर मुलाचे हाड वाढते कसे हे आधी पाहावे लागते. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते. तिथे नवी कूर्चा तयार होते, तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट बसतात आणि तिचे हाड बनते. जन्मापासून वाढत जाणारे हे हाडांचे वस्तुमान विशीच्या आसपास शिखर गाठते. त्यातला मोठा हिस्सा फार थोड्या काळात भरला जातो : उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांतच प्रौढपणीच्या हाडांपैकी सुमारे एक चतुर्थांश हाड तयार होते. मुलींमध्ये हा काळ साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येतो, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास. त्या काळात आतडे सपाट असेल तर शरीराची मागणी सर्वांत जास्त आणि पुरवठा सर्वांत कमी, असा पेच पडतो.

पुरवठा तुटतो तो अनेक बाजूंनी. ड जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅल्शियम प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सीलिॲक आजाराचा घाव नेमका तिथेच सर्वांत खोल असतो. दुसरी बाजू चरबीची. चरबी न पचता पुढे सरकली की तिच्यातील मेदाम्ले कॅल्शियमला धरून त्याचा साबणासारखा न विरघळणारा क्षार बनवतात आणि तो शौचावाटे निघून जातो. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असल्याने तेही तिच्याबरोबर वाया जाते. तिसरी बाजू दुधाची. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर अंकुरांच्या टोकांवर असते. टोके झिजली की दूध पिताच पोट फुगते, जुलाब होतात. मग घरचे लोक दूध बंद करतात आणि कॅल्शियमचा सर्वांत सोपा मार्ग बंद होतो.

रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले की मानेतील पॅराथायरॉईड ग्रंथी जाग्या होतात. हृदय, स्नायू आणि मज्जातंतू यांच्या कामासाठी रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणे शरीराला भागच असते. म्हणून या ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. याच संप्रेरकामुळे मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकते आणि नव्या हाडाला लागणारे दुसरे खनिजही उणे होते. अशा मुलाच्या रक्ततपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच दिसते. ते ठीक राहिले आहे ते हाडांच्या जिवावर, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉईड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व हे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवले तरच खरे चित्र दिसते.

शोषणातील तूट हेच एकमेव कारण मानले तर मात्र विषय अर्धाच कळेल. आतड्यातील दाहामुळे टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 यांसारखी दाहद्रव्ये रक्तात मिसळतात. हाड खाणाऱ्या पेशींना ती चेतवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींचा वेग कमी करतात. कुपोषणामुळे वाढीचा घटक आयजीएफ-1 घटतो. जस्त, मॅग्नेशियम आणि के जीवनसत्त्व यांची कमतरता भर घालते. वजन कमी आणि स्नायू रोडके असल्याने हाडांवर पडणारा रोजचा भार कमी होतो. वयात येणे लांबले की हाडे घट्ट करणाऱ्या लैंगिक संप्रेरकांची मदतही उशिरा मिळते. म्हणूनच गहू चालू ठेवून केवळ कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर उपयोग होत नाही. दाह शमल्याशिवाय हाड सावरत नाही.

या सगळ्याचा हाडांवर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो आणि ते दोन्ही प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. भिंतीत विटा पुऱ्या आहेत पण चुना कच्चा राहिला, ही एक गत. चुना पक्का आहे पण विटाच कमी लागल्या, ही दुसरी. पहिली म्हणजे मुडदूस : हाडाचा साचा तयार होतो, पण त्यात खनिज भरत नाही. मनगटे रुंद होतात, बरगड्यांच्या टोकांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर आपटतात. दुसरी म्हणजे हाडांचे एकूण वस्तुमानच कमी राहणे. यात बाहेरून काहीच दिसत नाही आणि पहिली खूण कधीकधी किरकोळ पडण्याने मोडलेला हात हीच असते. एकाच मुलात दोन्ही प्रकार एकत्रही असू शकतात.

मुडदुसाबाबत एक गोष्ट डॉक्टरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुडदूस हा वाढत्या हाडाचा आजार आहे. ज्या मुलाची वाढच थांबली आहे त्याच्या हाडांत खनिजाची तूट असूनही मुडदुसाच्या खुणा ठळक नसतात. गहू बंद झाला, भूक लागली, उंची वाढू लागली की हाडांची मागणी एकदम उसळते. त्या वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाताशी नसेल तर मुडदूस उपचारानंतर उघडा पडतो. क्वचित रक्तातील कॅल्शियम इतके घसरते की हातापायांना पेटके येतात, बोटे आखडतात. म्हणून आहार बदलतानाच ही कमतरता शोधून भरून काढणे आवश्यक असते.

लखनौच्या मुलाच्या बाबतीत यात आणखी एक ओझे असते. या शहरातील 207 गरोदर स्त्रियांची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 84 टक्के स्त्रियांत ड जीवनसत्त्व कमी होते आणि शहरी-ग्रामीण असा भेदही नव्हता. बाळाला जन्मतः मिळणारा साठा आईकडूनच येत असल्याने बाळेही उणीच जन्मत होती. याआधी पीजीआयमधील निरोगी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही बहुसंख्यांत हीच कमतरता दिसली होती. उत्तर प्रदेशात ऊन भरपूर, तरी त्वचेचा सावळा रंग, अंगभर कपडे, घरात किंवा शाळेत जाणारा दिवस, हवेतील धूर आणि डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके यांमुळे त्याचा लाभ होत नाही. सीलिॲक नसलेल्या मुलाचीही जिथे हाडे अर्धपोटी, तिथे सीलिॲक मुलाची तूट दुप्पट होते. मुडदूस झालेल्या मुलाला ड जीवनसत्त्वाचा पूर्ण डोस देऊनही फरक पडत नसेल, तर सीलिॲकची तपासणी टाळू नये.

हा आजार मुलांत ज्या रूपांनी समोर येतो त्यांतले ठरावीक रूप सर्वांना माहीत असते : दीड-दोन वर्षांचे मूल, गव्हाचे पदार्थ सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी लागलेले जुलाब, फुगलेले पोट, काडीसारखे हातपाय आणि चिडचिडा स्वभाव. पण अनेक मुलांना जुलाब होतच नाहीत. त्यांच्यात लोहाच्या औषधाला दाद न देणारा रक्तक्षय, वारंवार दुखणारे पोट, बद्धकोष्ठ, लांबलेली पाळी, खुंटलेली उंची किंवा दुखणारे पाय एवढेच दिसते. पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉईडचे स्वप्रतिकारजन्य आजार, डाउन सिंड्रोम आणि टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांत, तसेच रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत सीलिॲकचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. लक्षणे नसली तरी त्यांची तपासणी करावी लागते.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे ऊतक ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडांची, म्हणजेच टीटीजीची रक्तचाचणी. तिच्याबरोबर एकूण आयजीएही मोजतात. कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी असते आणि मग चाचणी खोटी नकारात्मक येते. चाचणी सकारात्मक आली तर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. युरोपातील बालपचनतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियलविरोधी प्रतिपिंडेही आढळली, तर तुकडा न घेताही निदान करता येते. मात्र चाचण्यांच्या दर्जाची खात्री नसेल तिथे आतड्याचा तुकडा पाहणेच श्रेयस्कर. या सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून आधीच पोळी बंद केली तर प्रतिपिंडे उतरतात, अस्तर सावरते आणि निदान वर्षानुवर्षे लोंबकळत राहते.

हाडांची तपासणी इतिहासापासून सुरू होते : कोणते हाड कधी आणि कशाने मोडले, पाठ दुखते का, दूध किती, ऊन किती, खेळ किती. मग उंची, वजन, मनगटे, पाय आणि पाठीचा कणा पाहतात. 25-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व मिलीलिटरला 12 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता, 12 ते 20 अपुरे आणि 20 च्या वर पुरेसे, अशी मुलांसाठीची वर्गवारी प्रचलित आहे. मुडदुसाची शंका असेल तर मनगटाचा एक्स-रे पुरतो. त्यात हाडाचे टोक वाटीसारखे खोलगट आणि कडा विसकटलेली दिसते.

घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी करतात. मूल एका सपाट टेबलावर उताणे निजते, वरून यंत्राचा हात सावकाश सरकत जातो. टोचणे नाही, बोगद्यात शिरणे नाही आणि क्ष-किरणांची मात्रा अगदी अल्प. मुलांमध्ये कमरेचा कणा आणि डोके सोडून संपूर्ण शरीर या दोन ठिकाणचे मोजमाप धरतात. निष्कर्ष वाचताना दोन चुका टाळाव्या लागतात. पहिली म्हणजे तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी-स्कोर मुलांना लावणे; मुलांसाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोरच वापरावा आणि तो उणे 2 किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी म्हणावी. दुसरी म्हणजे उंची विसरणे. डेक्सा हाडाची सपाट प्रतिमा मोजते, त्यामुळे खुज्या मुलाचे लहान हाड प्रत्यक्षापेक्षा विरळ भासते. उंचीनुसार दुरुस्ती केल्याशिवाय आकडा खरा मानू नये. या तुलनेसाठी भारतीय मुलांचे मापदंड लागतात आणि ते काम महाराष्ट्रात झाले आहे : पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी 5 ते 17 वर्षांच्या निरोगी मुलामुलींचे डेक्सा-आलेख 2011 मध्ये प्रसिद्ध केले.

नुसत्या आकड्यावरून मुलाला ऑस्टिओपोरोसिस झाला असे म्हणत नाहीत. मणका दबून मोडला असेल, किंवा घनता कमी असून दहा वर्षांपर्यंत दोन अथवा एकोणीस वर्षांपर्यंत तीन वेळा लांब हाडे मोडली असतील, तरच तो शब्द वापरतात. प्रत्येक सीलिॲक मुलाची डेक्सा सरसकट करण्याचीही गरज नाही. निदान उशिरा झालेली, फार कुपोषित, हाड मोडलेली किंवा आहार न पाळणारी मुले यांच्यात मात्र ती उपयोगी पडते. ती पुन्हा करायची तर साधारण वर्षाने. त्याआधी बदल नीट मोजता येत नाही.

उपचाराचा पाया म्हणजे ग्लूटेनमुक्त आहार, आणि हा उपचार औषधाच्या दुकानात मिळत नाही, तो स्वयंपाकघरात करावा लागतो. एका मध्यम पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग, काही महिने पोटात गेला तरी अस्तराला इजा होऊ शकते. लखनौत हे पथ्य सांभाळणे किती कठीण आहे ते बाजारातून फिरताना कळते : कुलचा, शीरमाल, रुमाली रोटी, खस्ता कचोरी, समोसा, ईदच्या शेवया, सणाच्या पुऱ्या, रव्याचा शिरा, यांतले काहीच चालत नाही. पण तांदळाची तहरी आणि बिर्याणी, अरहरची डाळ, मक्याची रोटी, बेसनाचे पदार्थ, मखाणे, उपवासाचे कुट्टू, शिंगाडा आणि राजगिरा हे सगळे चालते. कबाब चालतो, सोबतचा पराठा चालत नाही.

उघड दिसणाऱ्या गव्हापेक्षा लपलेला गहू जास्त घात करतो. बाजारातील बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. सत्तू निव्वळ हरभऱ्याचे असेल तर चालते, पण काही ठिकाणी त्यात जव असतो. ज्या चक्कीवर गहू दळला तिच्यावरच नंतर मका किंवा बेसन दळले तर पहिल्या काही मुठींत गव्हाचे पीठ येते. त्याच तव्यावर, त्याच लाटण्याने, पुऱ्या तळलेल्या त्याच तेलात केलेला पदार्थही सुरक्षित राहत नाही. म्हणून वेगळा डबा, वेगळे पोळपाट-लाटणे आणि शक्यतो घरच्या छोट्या गिरणीवर दळण, हे या आजारात औषधाइतकेच महत्त्वाचे. विकतच्या पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने किलोला 20 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली आहे. मात्र अशी पाकिटे महाग असतात आणि त्यांत स्टार्च जास्त, कॅल्शियम व लोह कमी असते. त्यापेक्षा साधे धान्य बरे.

महाराष्ट्रातील घरांना या बाबतीत परंपरेचीच साथ आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आणि राजगिरा ही सगळी धान्ये ग्लूटेनमुक्त आहेत आणि भाकरी हे रोजचे जेवण होते त्याला फार पिढ्या लोटलेल्या नाहीत. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहून कितीतरी जास्त. या दोहोंतील फायटेट आणि ऑक्झलेट शोषण काहीसे अडवतात; भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांमुळे फायटेट कमी होतात. दूध, दही, ताक आणि पनीर हा सर्वांत सोपा पुरवठा. सुरुवातीला दूध सोसत नसेल तर दह्यापासून सुरुवात करावी. अंकुर परत उगवले की काही आठवड्यांत ते बहुधा सोसू लागते, म्हणून दूध कायमचे बंद ठेवू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज 650, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला 850 आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आहारातून जे भागत नाही ते आणि ड जीवनसत्त्व औषधाने द्यावे. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. याच्या जोडीला धावणे, उड्या मारणे, दोरीवर खेळणे असा अंगावर भार घेणारा खेळ हवा.

उपचारांना मुलांचे शरीर उत्तम दाद देते. काही आठवड्यांत भूक सुधारते, काही महिन्यांत वजन भरते आणि मागे पडलेली उंची वेग घेते. पथ्य काटेकोर पाळले तर बहुतेक मुलांची हाडांची घनता पहिल्या वर्षात लक्षणीय सुधारते आणि पुढे समवयस्कांच्या जवळ पोचते. प्रौढपणी निदान झालेल्यांत ही भरपाई पुष्कळदा अपुरी राहते. हा फरक वयाचा आहे. वाढपट्ट्या उघड्या असतील, पौगंडावस्था पुढे असेल, तर हाडाला गमावलेले मिळवायला वाव असतो. त्याच कारणाने पौगंडावस्थेत पथ्य सुटणे सर्वांत महागात पडते. मित्रांबरोबर खाल्लेल्या समोशाने पोट दुखले नाही की मूल स्वतःला बरे समजू लागते. वास्तविक लक्षणे नसली तरी अस्तर आणि हाड दोन्ही झिजत असतात. दर काही महिन्यांनी टीटीजी, उंची-वजन आणि गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्व तपासत राहणे म्हणूनच आवश्यक.

पथ्याचा भार एकट्या आईवर टाकून ते टिकत नाही. शाळेतल्या माध्यान्ह भोजनात काही दिवस तहरी किंवा डाळ-भात असतो, काही दिवस रोटी असते. त्या दिवशी या मुलाला भात मिळेल एवढी सोय शाळेला सहज करता येते. रेशनवर गहू घेणाऱ्या गरीब घराला बदली धान्याचा प्रश्न खरोखरच सतावतो. एका मुलासाठी वेगळा स्वयंपाक परवडत नाही, तेव्हा सगळ्यांनीच भात किंवा भाकरी खाणे हा सोपा मार्ग ठरतो. मुलींच्या बाबतीत आजार लपवण्याकडे, लग्नात अडचण नको म्हणून पथ्य सैल करण्याकडे कल असतो. याच मुलींना पुढे गर्भारपण आणि स्तनपान यांत हाडांतील कॅल्शियम द्यायचे असते; त्यांच्या पथ्यात तडजोड करणे दोन पिढ्यांना बाधते.

या आजारात हाडांचे नुकसान अटळ नाही. त्याची कारणे माहीत आहेत, चाचणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते आणि उपचार घरच्या धान्याने करता येतो. उशीर होतो तो शंका न आल्यामुळे. वयाच्या मानाने खुजे राहिलेले, मुडदुसाच्या औषधाने न सुधारणारे, रक्तक्षय पुन्हा पुन्हा होणारे किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडून घेणारे मूल समोर आले, तर टीटीजीची चाचणी करावी, आणि ती गहू बंद करण्याआधी करावी. डॉक्टर, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी कित्येक मुले पुऱ्या उंचीची आणि भक्कम हाडांची होऊन मोठी होतील.